अप्पांनी सोडलेले भुंगे

दिवाळी अंकात कामाचे अनुभव लिहायचे ते बहुतेक निवृत्त माणसांनी. कुणी पोस्टात आयुष्य काढलेलं असतं, कुणी एसटीत. माझं काम वर्षातले चारच महिने चालतं आणि त्यालाही अजून तीनच पावसाळे झालेत. शिवाय आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे छापण्यासाठी लिहायचं म्हटलं की हात अडखळतो. पण माझी मैत्रीण स्वाती म्हणाली, "लिही. आपण नेमकं काय करतो ते आपल्या घरच्यांनाही अजून कळलेलं नाही. छापून आलं तर वाचतील तरी." ते मला पटलं.

आमचं काम म्हणजे पानभुंगे मोजणं.

मी परळीच्या एका कॉलेजात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय प्राणिशास्त्र. आमचं गाव सिरसाळ्याच्या बाजूला. वडील मेंढरं राखतात, त्यांना आम्ही दादा म्हणतो. पहिल्या वर्षी आमच्या मॅडमनी वर्गात विचारलं होतं, पावसाळाभर ओढ्याकाठी फिरायची कुणाची तयारी आहे? दोनच हात वर झाले. एक माझा, कारण ओढ्याकाठी फिरणं मला नवीन नव्हतं. दुसरा तेलगावच्या स्वातीचा, कारण तिला वाटलं सहल आहे.

ज्या भुंग्यासाठी हे सगळं चाललंय तो तुरीच्या दाण्याएवढा असतो. रंग मधासारखा, पाठीवर चार सरळ काळ्या रेघा आणि पाय लाल. तो निरगुडीचा कोवळा पाला खातो, दुसऱ्या कशाला तोंड लावत नाही. त्याची अळी मोठी झाली की काठाच्या मऊ मातीत उतरते आणि तिथेच तिचा भुंगा होतो. पावसाळा सरला की भुंगाही त्याच मातीत जाऊन बसतो, तो पुढच्या पावसाला वर येतो. पंख आहेत, पण आम्ही त्याला उडताना कधी पाहिलेलं नाही. कुठं जायचं तर चालत जातो.

निरगुडी आपल्याकडे ढीगभर आहे, मग तिच्यावरचा भुंगा कमी का झाला, असं मला दादांनी पहिल्याच दिवशी विचारलं. उत्तर ओढ्यातच आहे. पाणी साठावं म्हणून गावोगावी ओढे खोल आणि रुंद केले गेले. त्याबद्दल मी तक्रार करत नाही, आमची मेंढरंही तेच पाणी पितात. पण यंत्राने काठ खरवडला की मातीत बसलेला भुंगा मातीबरोबर जातो. निरगुडी दोन वर्षांत पुन्हा फुटते. भुंगा मात्र परत येत नाही, कारण दुसऱ्या ओढ्यावरून चालत यायला त्याला वाट कुठे आहे?

आमच्या भागात त्याची एकच जागा आम्हाला सापडली. ओढ्याचा एक तुकडा, एका टोकाला उभं राहून हाक मारली तर दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल एवढा. हा तुकडा वाचला तो कुणाच्या निसर्गप्रेमामुळे नाही. दोन्ही काठांचे मालक चुलतभाऊ आहेत आणि बांध कुणाचा यावरून त्यांचं बोलणं बंद आहे. यंत्र आलं तेव्हा दोघंही आडवे झाले, म्हणून चालकाने तेवढा भाग सोडला आणि तो पुढे गेला. एका काठाचा भाऊ शहरात राहतो. दुसरा काठ मन्मथअप्पांचा. अप्पांचं सिरसाळ्यात किराणा दुकान आहे आणि त्यांचं शेत ओढ्याला लागून आहे. ही गोष्ट त्यांचीच आहे, पण आधी मोजणी कशी करतात ते सांगते.

सकाळी दव सुकलं की सुरुवात करायची. उन्हाकडे तोंड करून जायचं, म्हणजे आपली सावली झुडपावर पडत नाही. सावली पडली की भुंगा पाय आखडून घेतो आणि मेल्यासारखा खाली पडतो. मग तो गवतात सापडत नाही. त्यासाठी काळी छत्री उघडायची, आतून पांढरं कापड लावायचं आणि ती उलटी करून फांदीखाली धरायची. काठीने फांदीवर हलकेच टपटप केलं की भुंगे छत्रीत पडतात. मोजायचे आणि पुन्हा त्याच फांदीवर ठेवायचे. हे सगळ्यात महत्त्वाचं. जे काढलं ते परत ठेवायचं.

दोन मुली उघडीप असताना उलटी छत्री धरून ओढ्यातून चालल्यात हे दृश्य लोकांना नवीन होतं. एकाने मोटारसायकल थांबवून विचारलं, "काय गं पोरींनो, आज पाऊस खालून यायलाय का?" दुसरा एक जण बराच वेळ लांब उभा राहिला आणि मग हळूच जवळ येऊन म्हणाला, मांडुळासारखं काही आहे का, बाहेरदेशी जातं का? नाही म्हटलं तर त्याचा विश्वास बसला नाही. पुढचे चार दिवस तो आमच्या मागे मागे होता. म्हणून या लेखात मी ओढ्याचं नाव लिहिलेलं नाही.

एक आजी नातसुनेच्या बाळंतपणासाठी निरगुडीचा पाला न्यायला यायच्या. बाळंतिणीच्या अंघोळीच्या पाण्यात तो घालतात. फांदी तोडण्याआधी जरा झटकाल का, असं मी भीत भीत विचारलं. आजी म्हणाल्या, "न झटकता कोन नेतंय? त्या पोरीला काय किडे घालून न्हाऊ घालू का?" त्या मग मोजणीच्या दिवशी आमच्याबरोबर बसून भाकरी खायच्या आणि स्वातीच्या लग्नाची चौकशी करायच्या. दोन स्थळंही सुचवून झाली.

दादांना सुरुवातीला हे काम पटत नव्हतं. ते त्याच शिवारात मेंढरं घेऊन असायचे, त्यामुळे आमच्या एकटेपणाची काळजी मिटली, पण चेष्टा सुरू झाली. मेंढरं राखायला शाळा लागत नाही आणि भुंगे राखायला कॉलेज लागतं, असं ते पाहुण्यांना सांगायचे. पाहुणे हसायचे. मीही हसायचे, पण जेवताना ते आठवायचं.

मागच्या वर्षी पोळ्याच्या आधी आम्ही मोजणीला गेलो. पहिल्या झुडपाखाली छत्री धरली, टपटप केलं. छत्रीत एक कोळी पडला. दुसऱ्या झुडपातून काही नाही. तिसऱ्यातून एक भुंगा. हा भुंग्यांचा भर हंगाम होता, आधीच्या मोजणीला याच झुडपांवर छत्री भरून भुंगे पडले होते. आम्ही सगळा तुकडा फिरलो. हाताच्या ओंजळीत सहज मावतील एवढे भुंगे मिळाले. स्वातीचं तोंड उतरलं. तिला वाटलं कुणीतरी औषध मारलं. पण वास नव्हता, पानावर डाग नव्हते आणि कोळी, मुंग्या सगळे जिवंत होते. पानांच्या कडा ताज्या खाल्लेल्या होत्या. म्हणजे काल-परवापर्यंत भुंगे होते.

दादा मेंढरं घेऊन वरच्या अंगाला बसले होते. मी त्यांना विचारलं, इकडे कुणी आलं होतं का?

"अप्पा आलते की काल," दादा म्हणाले. "तुमच्यावानीच छत्री उलटी धरून फिरत हुते दिसभर. मला वाटलं, तुमीच लावलं त्यांना कामाला."

आम्ही तशाच सिरसाळ्याला दुकानात गेलो. अप्पा गल्ल्यावर होते, कपाळावर भस्म, समोर तीन-चार गिऱ्हाइकं. आम्हाला बघून त्यांचा चेहरा फुलला. त्यांनी गिऱ्हाइकांना बाजूला सारलं आणि आम्हाला बसायला पोती दाखवली.

"या, या. झालं का न्हाई तुमचं काम हलकं? सगळे गोळा केले बघा. गोळ्यांच्या दोन बरण्या भरल्या. झाकणाला भोकं पाडून नेले, एक मेला न्हाई."

कुठे नेले, असं मी विचारलं.

"कुठं म्हंजे? रानात. गाजरगवतात सोडले."

तेव्हा सगळं लक्षात आलं. बाहेरच्यांसाठी सांगते. गाजरगवताने आमच्याकडच्या शेतकऱ्यांना नको नको केलंय. ते उपटलं की अंगाला खाज सुटते, काहींना दम लागतो. त्याला खाणारा एक परदेशी भुंगा आहे, मेक्सिकन भुंगा म्हणतात, तो पावसाळ्यात शेतकऱ्यांना सोडायला देतात. तोही पानभुंगाच, त्याच्याही पाठीवर काळ्या रेघा. अप्पांनी त्याचं चित्र एका भिंतीवर पाहिलं होतं. आम्हाला ओढ्यात रेघांचे भुंगे गोळा करताना पाहिलं होतं. त्यांनी दोन्ही जोडलं. त्यांच्या सुनेचे, सुवर्णावहिनींचे, हात गेली दोन वर्षं गाजरगवताने कोपरापर्यंत सुजायचे आणि खुरपायला मजूर मिळत नव्हते. अप्पांना वाटलं, औषध आपल्याच बांधाला आहे आणि आपण गावभर शोधतोय.

गिऱ्हाइकं ऐकत होती. अप्पांनी बहुतेक सकाळपासून सगळ्यांना सांगितलं असावं. मोठ्या माणसाला चारचौघांत चुकलात म्हणायची मला सवय नाही. मी खाली बघून म्हणाले, "अप्पा, ते भुंगे येगळे हायत. हे गाजरगवत खात न्हाईत."

"खातील की," अप्पा म्हणाले. "भूक लागल्यावर मानूस काईबी खातो."

"मानूस खातो, अप्पा. ह्यो न्हाई खात."

गिऱ्हाइकांतला एक जण हसला आणि म्हणाला, "अप्पा, तुमच्या दुकानातला साबन बी असाच हाय का, येगळा?" त्यामुळे ते आणखी बिघडलं. अप्पांनी तराजू पुढे ओढला आणि आठ दिवस राहू दे, मग बघू, असं म्हणून साखर मोजायला घेतली.

आठ दिवस त्या भुंग्यांकडे नव्हते. पाल्याशिवाय ते किती तग धरतील हे मलाही नक्की माहीत नव्हतं, पण आठ दिवस नाही एवढं कळत होतं. अंडी घालायचा तोच काळ होता. अंडी निरगुडीवर पडली नाहीत तर पुढच्या वर्षी मातीतून वर येणारं कुणी नसेल, आणि आमच्या माहितीतली ती शेवटची जागा. मी दुकानाबाहेर येऊन मॅडमना फोन केला. त्या परीक्षेच्या कामासाठी बाहेरगावी होत्या. त्या म्हणाल्या, "भांडू नकोस. त्यांना शेतात घेऊन जा आणि दाखव."

मी परत आत गेले. कुठून धीर आला माहीत नाही. म्हटलं, अप्पा, एकदा रानात चला. भुंगा गाजरगवत खाताना दिसला तर मी पुन्हा तुमच्या दुकानाची पायरी चढणार नाही. स्वातीने मला चिमटा काढला, कारण आमचं सगळं सामान त्याच दुकानातून यायचं. अप्पांनी मुलाला गल्ल्यावर बसवलं आणि धोतर सावरत निघाले.

शेतात गाजरगवत कमरेएवढं होतं. भुंगे सापडायला वेळ लागला नाही. ते शेंड्यांवर चढून बसले होते, एकेका शेंड्यावर दोन-दोन, तीन-तीन. चावलेलं पान एकही नव्हतं. मी ओढ्यातून निरगुडीचा एक कोवळा शेंडा आणला होता, तो एका भुंग्यापुढे धरला. तो चालत पानावर आला, मिशा हलवल्या आणि पानाच्या कडेला लागला. आम्ही तिघं वाकून बघत होतो. अर्धगोल खाच पडली, ती मोठी होत गेली. दुसरा भुंगा आला. मग तिसरा.

अप्पा सरळ होऊन म्हणाले, "आमच्यात दारात आलेल्याला उपाशी धाडत न्हाईत, पोरी. आन् ह्यांला तर मी घरनं उचलून आणलं आन् उपाशी ठेवलं."

त्यानंतर त्यांनी ना त्या साबणाच्या चेष्टेचा विषय काढला, ना आठ दिवस थांबायचा. आता काय करायचं, एवढंच विचारलं.

एकेक भुंगा वेचणं शक्य नव्हतं. हात लावला की गवत हलायचं आणि ते पडायचे. छत्री त्या दाटीत आत जात नव्हती. आणि हे करताना आमच्या तिघांच्याही हातांची आग व्हायला लागली. तेव्हा मला आमचा वाडा आठवला. वाडा म्हणजे मेंढरं बसवायची जागा. लोकर कातरून झाली की दादा गोचीड होऊ नये म्हणून वाड्यात निरगुडीच्या पेंढ्या टाकतात. एकदा त्या पेंढ्यांबरोबर चार-पाच भुंगे आले होते आणि दुसऱ्या सकाळीही ते त्याच पेंढीवर बसलेले होते, बाजूला सगळं शिवार मोकळं असताना. म्हणजे निरगुडी त्यांच्याजवळ नेली तर ते तिच्यावर येतील आणि राहतील. बरोबर होईल याची खात्री नव्हती, पण दुसरं काही सुचत नव्हतं.

फांद्या आम्ही खालच्या अंगाच्या, यंत्राने उकरलेल्या काठावरून आणल्या, भुंग्यांच्या तुकड्याला हात लावला नाही. दादांनी मेंढरं माझ्या चुलत्याच्या ताब्यात दिली आणि कोयता घेऊन आले. सुवर्णावहिनी हाताला दुकानातल्या पिशव्या बांधून आल्या. पाला लवकर सुकू नये म्हणून पेंढ्या टाकण्याऐवजी एकेक फांदी ओल्या मातीत खोचली. शेताच्या मधल्या पट्ट्यात, बांधाच्या कडेने, जिथे जिथे अप्पांना आपण बरणी उघडल्याचं आठवत होतं तिथे. अप्पा पुढे चालत जागा दाखवत होते. दादा मागून म्हणाले, "अप्पा, बी पेरल्यावानी भुंगे पेरलेत तुमी." अप्पा म्हणाले, "गप ए. तुझी मेंढरं शिरलती माझ्या हरभऱ्यात, त्याचं आदी बोल."

दुसऱ्या सकाळी मी आणि स्वाती उजाडताच गेलो. अप्पा आधीच बांधावर उभे होते. त्यांनी पहिल्या फांदीकडे बोट केलं.

ती फांदी रेघारेघांची दिसत होती.

आम्ही छत्र्या उलट्या केल्या. भुंगे ओल्या कापडाच्या टोपलीत घालून ओढ्यावर नेले आणि झुडपाझुडपांवर ठेवले. पोळ्यापर्यंत रोज सकाळी हेच चाललं. शेवटी फांद्यांवर कुणी येईना. सगळे भुंगे मिळाले नाहीत, हे मी प्रामाणिकपणे लिहिते. काही मुंग्यांनी नेले असतील, काही गवतात मेले असतील. ओढ्यावरची पुढची मोजणी आधीपेक्षा बरीच कमी आली. मॅडम म्हणाल्या, आता आपल्या हातात काही नाही, पुढचा पाऊस सांगेल.

गाजरगवत मात्र जिथल्या तिथे होतं. मॅडमनी अप्पांना खरे मेक्सिकन भुंगे कुठे मिळतील ते सांगितलं. अप्पा ते घेऊन आले, पण सोडण्याआधी बरणी घेऊन आमच्या घरी आले आणि मला म्हणाले, "बघ बाई, ह्यातला एकांदा तुझा तर न्हाई ना?" मी नीट पाहिलं. रेघा वाकड्या होत्या, रंग दुधासारखा होता. ते म्हणाले, "आन् पाय लाल न्हाईत." ते मला सांगायची गरज नव्हती, पण त्यांना सांगायचं होतं.

हिवाळा आणि उन्हाळा मी परळीत काढला. वसतिगृहाच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे संध्याकाळी वीजकेंद्राची राख झटकून घडी घालायचे आणि मनात ओढ्याच्या काठाची माती यायची. तिच्यात कुणी आहे की नाही, उकरून बघता येत नव्हतं. बघायचं म्हटलं तर तीच मोडायची.

यंदा पाऊस लागला आणि एक दिवस प्रॅक्टिकल चालू असताना फोन वाजला. मी बाहेर येऊन घेतला. अप्पा होते. त्यांना फोनवर मोठ्याने बोलायची सवय आहे.

"पोरी, पाव्हने आले."

ओढ्यावर का, असं मी विचारलं.

"ओढ्यावर तर आलेच. तू रानात ये आदी."

शनिवारी मी आणि स्वाती गेलो. आधी ओढ्यावर थांबलो, कारण मला राहवेना. भुंगे होते. पूर्वीएवढे नव्हते, पण कोवळ्या पानांना खाचा पडल्या होत्या आणि पानांखाली अंड्यांचे पुंजके होते. स्वाती माझ्या हाताला धरून उभी राहिली. मग आम्ही अप्पांच्या शेतात गेलो.

बांधाच्या कडेने निरगुडीची ओळ उभी होती. गेल्या वर्षी आम्ही खोचलेल्या फांद्या, त्यांतल्या बऱ्याच फुटल्या होत्या. निरगुडीची फांदी ओल्या मातीत लागते हे आम्हाला माहीत होतं, पण त्या गडबडीत तो विचारही मनात आला नव्हता. अप्पांनी त्या उपटल्या नाहीत. उन्हाळ्यात दोनदा पाणी घातलं, असं वहिनींनी सांगितलं. मेंढरं निरगुडीला तोंड लावत नाहीत, तरी ती पायाने तुडवू नयेत म्हणून दादांनी बाजूने काटे लावले होते. मला या दोघांनीही काही सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या झुडपाच्या शेंड्यावर चार सरळ रेघा आणि लाल पाय होते. शेजारच्या पानावर आणखी दोन. जे आम्हाला गेल्या वर्षी सापडले नव्हते, त्यांतले काही या बांधाच्या मातीत उतरले असणार. त्या ओढ्याच्या तुकड्याबाहेर हा भुंगा आपणहून मातीतून वर आलेला आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. आता त्याला दोन जागा झाल्या.

मी मॅडमना फोन लावला. त्या हसून म्हणाल्या, "अगं, हे अहवालात कसं लिहायचं?"

अप्पा शेजारीच उभे होते, त्यांना ते ऐकू आलं. दादाही मेंढरं सोडून बांधापर्यंत आले होते. त्यांनी वाकून भुंगा पाहिला आणि मला म्हणाले, "मी मेंढरं राखतो, तू ह्यांला राख. येकच धंदा हाय आपला." हेच ते आधी पाहुण्यांना हसत सांगायचे. या वेळी ते हसले नाहीत.

अप्पांनी खांद्यावरचं उपरणं नीट केलं आणि फोनच्या दिशेने मोठ्याने सांगितलं, "मॅडम, लिव्हा की सरळ. मन्मथअप्पांनी भुंगे सोडले म्हून."